मधल्या फळीतला मुसाफिर : क्लॅरेन्स सीडॉर्फ



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर आयुष्यभर शाळेच्या मैदानावर पोरांना फुटबॉल शिकवत राहिले. त्यांच्या नावाचं पुष्प गुंफायला मला बोलावलंत आणि विषयही माझ्यावरच सोपवलात, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. मेस्सीवर बोला, मॅराडोनावर बोला, असा आग्रह बऱ्याच जणांनी धरला. विश्वचषक आला की कोल्हापुरात गल्लोगल्ली अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात, त्यामुळे तो आग्रह मला समजतो. तरी मी निवडला तो क्लॅरेन्स सीडॉर्फ. त्याचं कारण आपल्याच मैदानात आहे.

दरवर्षी हंगामाच्या तोंडावर केएसएकडे, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे, खेळाडूंची नोंदणी होते. त्या दिवसांत आपल्या पेठांमध्ये दुसरा विषय नसतो. पाटाकडील तालमीचा कोण दिलबहारकडे गेला, खंडोबाने कोणाला उचललं, प्रॅक्टिसचा गोली यंदा कोणाकडून उतरणार, याचीच चर्चा चालते. एखाद्या पोराने तालीम, म्हणजे पेठेचा संघ, बदलली की लोक म्हणतात, ‘फुटला’. त्या पोराच्या घरच्यांनाही वर्षभर ते ऐकून घ्यावं लागतं. पेठेच्या ईर्षेवरच आपला फुटबॉल उभा आहे, आणि त्या ईर्षेचा मला अभिमान आहे. पण ‘फुटला’ हा शिक्का मला कधी पटला नाही. जो फिरतो त्याला निष्ठा नसते असं आपण गृहीत धरतो. सीडॉर्फच्या कारकिर्दीकडे मी बरीच वर्षं बघत आलो आहे, आणि ती या गृहीतकाला पुरून उरते असं माझं मत आहे.

हा माणूस आयॅक्स, सॅम्पडोरिया, रेआल माद्रिद, इंटर मिलान, एसी मिलान आणि बोटाफोगो अशा सहा क्लबांकडून खेळला. देश चार झाले : नेदरलँड्स, इटली, स्पेन आणि ब्राझील. यांतल्या तीन क्लबांकडून त्याने मिळून चार वेळा चॅम्पियन्स लीग जिंकली. तीन वेगवेगळ्या क्लबांकडून हा चषक उचलणारा तो पहिला खेळाडू. आणि हे सगळं मधल्या फळीत खेळून. मधल्या फळीतल्या खेळाडूला एकट्याने काहीच करता येत नाही. मागून येणारा चेंडू कसा येणार हे बचावपटू ठरवतो, पुढे जाणारा चेंडू कुठे हवा हे आघाडीवाला ठरवतो. या दोघांच्या मध्ये उभं राहून दोघांची सवय ओळखायची, हे त्याचं काम. क्लब बदलला की ही सगळी ओळख पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. सीडॉर्फने ती दर वेळी केली, आणि जवळजवळ दर वेळी यशस्वी केली. त्याच्या फिरण्याकडे मी याच नजरेने बघतो.

त्याचं फिरणं फुटबॉलच्याही आधी सुरू झालं. जन्म १ एप्रिल १९७६ चा, पारामारिबोचा. पारामारिबो ही सुरीनामची राजधानी. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातला हा लहानसा देश डचांची वसाहत होता. तिथल्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबले. १८६३ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, आणि मळ्यांना माणसं कमी पडू लागली तेव्हा १८७३ मध्ये कलकत्त्याहून ‘लल्ला रूख’ नावाचं जहाज हिंदुस्थानी गिरमिटिये घेऊन तिथे पोहोचलं. पुढे जावामधूनही मजूर गेले. म्हणजे ज्या देशात सीडॉर्फ जन्मला तिथे जवळपास प्रत्येकाच्या घराण्यात एक लांबचा प्रवास आहे, आणि त्यातला बहुतेकांचा मनाविरुद्धचा.

२५ नोव्हेंबर १९७५ ला सुरीनाम स्वतंत्र झाला. त्यानंतर पाच वर्षं सुरीनामच्या नागरिकांना नेदरलँड्समध्ये जाऊन स्थायिक होण्याची मोकळीक करारानेच दिली होती. स्वातंत्र्याच्या आगेमागे लोक हजारोंनी निघाले. क्लॅरेन्स दोन वर्षांचा असताना सीडॉर्फ कुटुंबही निघालं आणि आल्मेरे इथे येऊन राहिलं. आल्मेरेची गोष्ट मला फार आवडते. समुद्राला बांध घालून, पाणी उपसून डचांनी जी जमीन काढली, तिच्यावर हे शहर वसवलं. पहिली कुटुंबं तिथे राहायला आली १९७६ मध्ये. मुलगा आणि गाव एकाच वयाचे. ज्या गावात कोणाचीच दुसरी पिढी नाही, तिथे बाहेरचा कोण आणि गावचा कोण हा प्रश्न तरी कसा निघणार?

वडील योहान स्वतः फुटबॉल खेळलेले; पुढे त्यांनी खेळाडू हेरण्याचं कामही केलं. क्लॅरेन्सच्या दोघा भावांनीही फुटबॉलच धरला. त्या काळी सुरीनामी मुलांसमोर रुड खुलित आणि फ्रँक रायकार्ड यांचा आदर्श होता. दोघांचेही वडील सुरीनामचे. १९८८ मध्ये नेदरलँड्सने युरोपचं विजेतेपद मिळवलं ते या दोघांच्या जोरावर. आणि पुढच्याच वर्षी, ७ जून १९८९ ला, डच क्लबांतल्या सुरीनामी वंशाच्या खेळाडूंना प्रदर्शनीय सामन्यांसाठी पारामारिबोला नेणारं विमान उतरताना कोसळलं. विमानात १८७ माणसं होती; त्यांतली १७६ गेली. ‘कलरफुल इलेव्हन’ म्हणून निघालेल्या त्या संघातले बहुतेक खेळाडू गेले. खुलित आणि रायकार्ड यांना त्यांच्या क्लबाने सोडलं नव्हतं, म्हणून ते वाचले. सीडॉर्फ तेव्हा तेरा वर्षांचा होता आणि आयॅक्सच्या मुलांमध्ये खेळत होता. नेदरलँड्समधल्या कित्येक सुरीनामी घरांत त्या दिवशी कोणी ना कोणी ओळखीचं गेलं होतं.

आयॅक्सच्या शाळेबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण इथले बरेच जण मुलांना शिकवतात. तिथे मुलाला एका जागेवर बांधत नाहीत. आज बचावात, उद्या मध्ये, परवा बाजूला. हेतू असा, की पासची वाट बघणाऱ्याला काय हवं असतं हे मुलाला स्वतः त्या जागी उभं राहून कळावं. मूल जोखताना तंत्र, खेळाची समज, स्वभाव आणि वेग या चार गोष्टी बघतात. ताकद त्यांत नाही. आपण मात्र बारा वर्षांचं पोर उंच दिसलं की त्याला लगेच सेंटर फॉरवर्ड करून टाकतो. सरांना हे कधीच मान्य नव्हतं. त्यांनी घडवलेली मुलं या सभागृहात बसली आहेत, त्यांना मी वेगळं सांगायला नको.

२९ नोव्हेंबर १९९२ ला प्रशिक्षक लुई व्हान गालने सीडॉर्फला पहिल्या संघात उतरवलं. वय सोळा वर्षं आणि २४२ दिवस. आयॅक्सच्या इतिहासात तोवर इतक्या लहान वयात कोणीही उतरलं नव्हतं. त्या संघात एडगर डाविड्स होता, तोही पारामारिबोचा. पुढे पॅट्रिक क्लायव्हर्ट आला, सुरीनामी वडिलांचा मुलगा. आणि मिलानमधून परतलेला रायकार्ड त्यांच्यामध्ये वडीलधाऱ्यासारखा होता. १९९४-९५ चा हंगाम आयॅक्सने लीगमध्ये आणि चॅम्पियन्स लीगमध्ये एकही सामना न हरता काढला. २४ मे १९९५, व्हिएन्ना, अंतिम सामना एसी मिलानशी. उत्तरार्धात व्हान गालने सीडॉर्फला बाहेर घेऊन कानूला आत पाठवलं. ८५ व्या मिनिटाला रायकार्डच्या पासवर अठरा वर्षांच्या क्लायव्हर्टने गोल केला आणि चषक आम्स्टरडॅमला गेला.

त्या रात्री हरलेल्या मिलानच्या बचावफळीतली तीन नावं लक्षात ठेवा : क्रिस्तियान पानुच्ची, अलेस्सांद्रो कोस्ताकुर्ता आणि पाओलो माल्दिनी. ही तिघं पुढे येणार आहेत.

एकोणिसाव्या वर्षी युरोपचा विजेता झालेला मुलगा त्याच उन्हाळ्यात आयॅक्स सोडून जेनोआला गेला, सॅम्पडोरियाकडे. लोकांना आश्चर्य वाटलं. सॅम्पडोरियाने १९९१ मध्ये इटलीची लीग जिंकली होती, पण ते दिवस सरले होते. प्रशिक्षक स्वेन-योरान एरिक्सन, संघात रोबेर्तो मान्चिनी, सिनिशा मिहाइलोविच आणि फ्रान्सचा क्रिस्तियान काराँबू. सीडॉर्फ तिथे एकच हंगाम राहिला आणि हाती चषक काही लागला नाही. पण त्या काळची इटालियन लीग म्हणजे जगातली सगळ्यात कठीण शाळा होती. आयॅक्समध्ये चेंडू आपल्याकडेच राहणार हे धरून खेळायचं; इटलीत चेंडू नसताना कुठे उभं राहायचं हे आधी शिकायचं. पुढे तो सदतिसाव्या वर्षापर्यंत उच्च पातळीवर टिकला, त्यात जेनोआच्या त्या एका वर्षाचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं. चषकांच्या यादीत ते वर्ष दिसत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

१९९६ मध्ये तो माद्रिदला गेला. रेआल आदल्या वर्षी लीगमध्ये सहावं आलं होतं आणि युरोपच्या कुठल्याच स्पर्धेत नव्हतं. प्रशिक्षक फाबिओ कापेलोने नवा संघ बांधायला घेतला. रोबेर्तो कार्लोस, मियातोविच, शूकर, सीडॉर्फ हे सगळे एकाच उन्हाळ्यात आले, आणि पहिल्याच वर्षी लीग जिंकली. बार्सिलोनापेक्षा दोन गुण जास्त मिळवून. मधल्या फळीचा मालक होता अर्जेंटिनाचा फर्नांदो रेदोंदो. मध्यभागी त्याचं राज्य, मग सीडॉर्फने बाजूची जागा घेतली. वीस वर्षांच्या, आयॅक्समध्ये डोक्यावर घेतलेल्या मुलाला हे सोपं गेलं नसणार. पण तो बाजूला खेळला, धावला, आणि लांबून मारायला लागला. १९९७ मध्ये आत्लेतिकोविरुद्ध त्याने जवळजवळ मध्यरेषेपासून मारलेला गोल माद्रिदवाले आजही आठवतात.

२० मे १९९८. चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना आम्स्टरडॅममध्ये, आयॅक्सच्या नव्या मैदानावर, युव्हेंतुसविरुद्ध. समोर झिदान आणि डाविड्स. तोच डाविड्स, तीन वर्षांपूर्वीचा जोडीदार. रेआलच्या बाजूला मधल्या फळीत सीडॉर्फसोबत जेनोआतला जुना सहकारी काराँबू. आणि बचावात पानुच्ची, जो व्हिएन्नात सीडॉर्फविरुद्ध खेळून हरला होता. मियातोविचच्या एका गोलावर रेआलने सामना जिंकला. रेआलचा युरोपचा आधीचा चषक होता १९६६ चा. बत्तीस वर्षांची प्रतीक्षा त्या रात्री संपली.

आपल्याकडे मागच्या वर्षी ज्याच्याबरोबर खेळलो त्याच्याविरुद्ध यंदा उतरायचं म्हटलं की रक्त तापतं. या मंडळींमध्ये ते इतकं नेहमीचं होतं, की त्यातून एक वेगळीच माहिती साठत जाते. डाविड्स कुठल्या क्षणी अंगावर येतो हे सीडॉर्फला पाठ होतं, आणि सीडॉर्फ कुठल्या खांद्यावरून वळतो हे डाविड्सला. फिरलेल्या खेळाडूच्या डोक्यात निम्म्या युरोपच्या सवयींची नोंद असते.

डिसेंबर १९९९ मध्ये तो इंटरकडे गेला. तिथली वर्षं मी लवकर ओलांडतो. गोल झाले, युव्हेंतुसविरुद्ध एका सामन्यात दोन झाले, पण त्या इंटरमध्ये प्रशिक्षक टिकत नव्हते आणि कोणाला कुठे खेळवायचं हे ठरत नव्हतं. ५ मे २००२ ला, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, लाझिओकडून ४-२ हरून इंटरने हातातली लीग घालवली. त्या उन्हाळ्यात सीडॉर्फ गेला एसी मिलानकडे, आणि त्याच्या बदल्यात इंटरने घेतला मिलानचा डावा बचावपटू फ्रान्चेस्को कोको. कोकोला पुढे दुखापतींनी घेरलं आणि तो फार खेळू शकला नाही. सीडॉर्फ मिलानमध्ये दहा वर्षं राहिला.

इंटर आणि मिलान एकाच शहरातले, एकाच सान सिरो मैदानावर खेळणारे. घर तेच, मैदान तेच, रंग फक्त बदलले. म्हणजे कोल्हापूरच्या भाषेत सांगायचं तर हे पाटाकडीलमधून उठून दिलबहारमध्ये जाण्यासारखंच झालं. २१ फेब्रुवारी २००४ च्या सामन्यात इंटर २-० ने पुढे होतं. मिलानने बरोबरी साधली, आणि ८५ व्या मिनिटाला लांबून फटका मारून विजयाचा गोल केला तो सीडॉर्फने. इंटरच्या प्रेक्षकांनी त्याला काय काय म्हटलं असेल हे तुम्हाला सांगायची गरज नाही. त्या वर्षी लीग मिलानने जिंकली.

आता ज्यासाठी मी आज उभा आहे त्या भागाकडे येतो. प्रशिक्षक कार्लो आन्चेलोत्तीच्या मिलानची मधली फळी. स्वतः आन्चेलोत्ती मधल्या फळीत खेळलेला. त्याच्या हाती अशी माणसं आली की प्रत्येकाला चेंडू हवा. आंद्रेआ पिर्लो होता, रुई कोस्ता होता, सीडॉर्फ होता, पुढे काका आला. अशा चौघांना एकत्र खेळवलं तर मागे कोण राहणार, असं जाणकार विचारत होते. आन्चेलोत्तीने मधली फळी हिऱ्याच्या आकारात मांडली. तळाला, बचावफळीच्या अगदी पुढे, पिर्लो. उजवीकडे जेन्नारो गात्तुझो, ज्याचं काम चेंडू हिसकावणं. टोकाला रुई कोस्ता, नंतर काका. आणि डावीकडे सीडॉर्फ.

डावीकडची ती जागा बघायला साधी, खेळायला सगळ्यात अवघड. पिर्लोला कोणी घेरलं की त्याच्या मदतीला यायचं. डावा बचावपटू वर धावला की त्याची मोकळी जागा राखायची. काका निघाला की त्याच्या मागून बॉक्सपर्यंत पोहोचायचं. म्हणजे एकाच सामन्यात तीन माणसांची कामं करायची, आणि कोणत्या क्षणी कोणतं हे दुसरा कोणी सांगणार नाही. सीडॉर्फची ठेवण भक्कम, मांड्या जाड, पाठ रुंद. पाठीवर माणूस असताना तो चेंडू असा दाबून धरायचा की मागच्याला चेंडू दिसायचाच नाही. एक क्षण थांबायचा. त्या थांबण्यात मिलानचे बाकीचे नऊ जण आपापल्या जागी यायचे. टीव्हीवर बघताना कित्येकांना तो संथ वाटायचा, सान सिरोमध्येही त्याच्यावर शिट्ट्या वाजायच्या. माझं मत वेगळं आहे. तो थांबायचा म्हणून काका धावू शकायचा.

२८ मे २००३, मँचेस्टर, ओल्ड ट्रॅफर्ड. त्या वर्षी उपांत्य फेरीत मिलानने इंटरलाच बाहेर काढलं होतं. दोन्ही सामने सान सिरोवर, दोन्ही बरोबरीत, आणि ‘परक्या मैदानावरचा’ एक गोल मिलानच्या नावावर. अंतिम सामना युव्हेंतुसशी, पुन्हा समोर डाविड्स. गोल झाला नाही, टायब्रेकर झाला. इथे सीडॉर्फच्या आयुष्यातली एक जुनी जखम सांगायला हवी.

१९९६ च्या युरो स्पर्धेत नेदरलँड्स फ्रान्सविरुद्ध टायब्रेकरमध्ये हरलं होतं. दोन्ही बाजूंच्या पेनल्टींपैकी एकच चुकली, ती सीडॉर्फची. फ्रान्सचा गोली बर्नार लामाने अडवली. तो वीस वर्षांचा होता. पुढच्या वर्षी, २ एप्रिल १९९७ ला, विश्वचषकाच्या पात्रता सामन्यात तुर्कस्तानविरुद्ध त्याने पेनल्टी बारवरून मारली आणि नेदरलँड्स १-० ने हरलं. डच प्रेक्षकांनी त्याला हे कधी पूर्ण माफ केलं नाही. नेदरलँड्सकडून तो ८७ सामने खेळला, ११ गोल केले, १९९८ च्या विश्वचषकात चौथ्या आलेल्या संघात होता. तरीही मायदेशात त्याचं नाव निघालं की आधी त्या पेनल्टी निघतात. २००६ च्या विश्वचषकासाठी प्रशिक्षक मार्को व्हान बास्तेनने त्याला निवडलंच नाही. जगभर मान मिळवलेला हा माणूस केशरी जर्सीत कायम परीक्षेला बसल्यासारखा राहिला. मला याचं फार वाईट वाटतं. त्यातला काही दोष त्याचाही होता. त्याला प्रत्येक गोष्टीवर मत असायचं आणि ते तो प्रशिक्षकालाही ऐकवायचा. मिलानमधले सहकारी त्याला ‘प्रोफेसर’ म्हणत. नेदरलँड्समध्ये त्याच सवयीला अहंकार म्हटलं गेलं.

तर ओल्ड ट्रॅफर्डला टायब्रेकर सुरू झाला आणि हा माणूस पुन्हा पेनल्टी मारायला गेला. युव्हेंतुसचा गोली बुफॉनने ती अडवली. पण युव्हेंतुसच्या तिघांच्या पेनल्टी मिलानचा गोली दिदाने अडवल्या आणि शेव्हचेन्कोने शेवटची आत घातली. सीडॉर्फचा तिसरा चषक, तिसऱ्या क्लबाकडून. टायब्रेकर हरलेल्या पोराला आपल्याकडे पुढच्या वर्षी पेनल्टीच्या जवळही येऊ देत नाहीत. ते पोर स्वतःही येत नाही. म्हणून हे जरा लांबवून सांगितलं.

आणि त्या चषकाच्या फोटोत कोण आहेत ते बघा. कोस्ताकुर्ता आहे, कप्तान माल्दिनी आहे. व्हिएन्नात सीडॉर्फच्या आयॅक्सकडून हरलेले. माल्दिनी १९८५ ते २००९ फक्त मिलानकडून खेळला. त्याचे वडील चेझारे याच क्लबाचे कप्तान होते, त्याचा मुलगाही पुढे इथेच खेळला. आपल्याला निष्ठेचं जे चित्र आवडतं ते हेच, आणि मलाही ते आवडतं. पण माल्दिनीच्या शेजारी उभा आहे तो चौथ्या देशाच्या वाटेवरचा माणूस. चार वर्षांनी अथेन्सलाही हे दोघे बरोबर होते. मधे २००५ मध्ये इस्तंबूलला दोघांनी मिळून ३-० ची आघाडी घालवून लिव्हरपूलकडून हरण्याचं दुःखही सोसलं. आल्यानंतर सीडॉर्फ किती मनापासून त्या जागेचा झाला, एवढंच माल्दिनीने बघितलं असणार.

२००७ ची उपांत्य फेरी मँचेस्टर युनायटेडशी. पहिला सामना मिलान ३-२ हरलं. २ मे ला सान सिरोवर धो धो पाऊस. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. अकराव्या मिनिटाला सीडॉर्फने डोक्याने चेंडू खाली पाडून काकासमोर ठेवला आणि काकाने डाव्या पायाने गोल केला. तिसाव्या मिनिटाला सीडॉर्फने बॉक्समध्ये बचावपटूला हुलकावणी देऊन जमिनीलगत फटका मारला, तोही आत. शेवटी ३-०. त्या आधीच्या फेरीत बायर्नविरुद्ध म्युनिकमध्येही त्याने गोल केला होता. तोवर आन्चेलोत्तीने रचना बदलली होती : मागे अँब्रोसिनी, पिर्लो, गात्तुझो, त्यांच्या पुढे काका आणि सीडॉर्फ, टोकाला एकटा इंझागी. इटलीत या रचनेला ख्रिसमसचं झाड म्हणतात. एकतिसाव्या वर्षी सीडॉर्फने पुन्हा एक नवी जागा शिकून घेतली होती. २३ मे ला अथेन्समध्ये लिव्हरपूलला २-१ हरवून मिलानने चषक जिंकला आणि त्या हंगामातला युरोपचा सर्वोत्तम मिडफिल्डर म्हणून सीडॉर्फची निवड झाली. २०११ मध्ये तो आणखी एकदा लीग जिंकला. २०१२ मध्ये मिलान सोडताना त्याच्या नावावर ४३२ सामने आणि ६२ गोल होते.

छत्तिसाव्या वर्षी, आखाती देशांत किंवा अमेरिकेत आरामात खेळता आलं असतं त्या वयात, त्याने रिओचा बोटाफोगो निवडला. गारिंचा, दिदी, निल्टन सांतोस यांचा क्लब. त्याची तेव्हाची पत्नी ब्राझीलची, पोर्तुगीज त्याला येतच होती. डच, इंग्रजी, इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि सुरीनामची स्रानान इतक्या भाषांत तो ड्रेसिंग रूममध्ये बोलू शकायचा. मधल्या फळीतल्या माणसाला हे फार उपयोगाचं. बोटाफोगोचा संघ पोरसवदा होता. त्यांच्यात तो दहा नंबर घालून खेळला, सरावाला सगळ्यांच्या आधी आला, पोरांना मैदानातच उभं करून शिकवलं. २०१३ मध्ये बोटाफोगोने रिओ राज्याची स्पर्धा दोन्ही टप्पे जिंकून घेतली, त्यामुळे अंतिम सामन्याची गरजच उरली नाही. त्याच वर्षी राष्ट्रीय लीगमध्ये चौथं येऊन बोटाफोगो १९९६ नंतर पहिल्यांदा कोपा लिबेर्तादोरेससाठी पात्र ठरलं.

प्रशिक्षक म्हणून मात्र त्याला यश आलं नाही. जानेवारी २०१४ मध्ये खेळ थांबवून तो थेट मिलानचा प्रशिक्षक झाला आणि पाच महिन्यांत त्याला काढलं. मग चीनमधलं शेनचेन, स्पेनमधलं देपोर्तिवो ला कोरुन्या, जे त्या हंगामात खालच्या श्रेणीत गेलं, आणि शेवटी कॅमेरूनचा राष्ट्रीय संघ, जो २०१९ च्या आफ्रिका चषकात नायजेरियाकडून ३-२ हरून बाहेर पडला. इथेही तो फिरलाच. पण खेळाडू नव्या जागी आला की शेजारच्या दोघांना ओळखून काम सुरू करू शकतो. प्रशिक्षकाला सगळ्यांना ओळखायला वेळ लागतो, आणि तो त्याला कुठेच मिळाला नाही.

आपल्याकडेही चित्र बदलत आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, आणि मग इंडियन अ‍ॅरोज, जमशेदपूर, हैदराबाद असा फिरत राहिला. त्याला कोणी ‘फुटला’ म्हणालं नाही. नायजेरियातून आलेली मुलं आपल्या शाहू स्टेडियमवर आपल्याच पेठांच्या जर्सीत खेळून गेली, आणि त्यांच्या गोलवर आपण फटाके लावले. मग शेजारच्या गल्लीतून आलेल्या पोरालाच वेगळा न्याय का? आज व्यासपीठावर तालमींचे पदाधिकारी बसले आहेत. त्यांनी याचा विचार करावा, ही माझी हात जोडून विनंती.

एक गोष्ट सांगायची राहिली, ती सुरीनामची. दुहेरी नागरिकत्व मान्य नसल्यामुळे, डच पासपोर्ट घेतलेल्या खेळाडूला सुरीनामकडून खेळता येत नसे. सीडॉर्फ, डाविड्स, क्लायव्हर्ट, एकालाही कधी तो पर्याय नव्हता. २०१९ मध्ये सुरीनामने अशा खेळाडूंसाठी खास क्रीडा पासपोर्ट काढला. मग नेदरलँड्समध्ये वाढलेली सुरीनामी वंशाची मुलं आजीआजोबांच्या देशाकडून खेळायला येऊ लागली. प्रशिक्षक होता डीन गोरे, सुरीनाममध्ये जन्मलेला आणि हॉलंड-इंग्लंडच्या क्लबांतून फिरलेला मिडफिल्डरच. २०२१ मध्ये हा संघ पहिल्यांदा गोल्ड कपला पोहोचला. जमैकाकडून हरला, कोस्टारिकाकडून हरला, आणि तिसऱ्या सामन्यात ग्वाडलूपला २-१ हरवून परत गेला.